साठ सरकारी फुलवाती

सन १८१७ ची जबलपूरची लढाई मराठ्यांनी जिंकली. तारीख २८ नोव्हेंबर १९३६, शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, ठिकाण सिविल लाइंस. इंग्रजांची एकही तोफ उरली नाही.

असं काही झालेलं नाही. त्या दिवशी त्या कचेरीत लढाई झाली नाही, कुणी जिंकलं नाही, काही जळलं नाही, आणि टेबलावर जो काळा डाग आहे तो पहिल्यापासूनच होता. कागदोपत्री तसं आहे, तेव्हा आपणही तेच धरून चालू. जे झालंच नाही ते कसं झालं, एवढंच सांगायचं आहे.

दिवाकर तोफखाने हा 'नकाशे व नमुने' नावाच्या एका लहानशा सरकारी कचेरीत नक्कलनवीस होता. तात्पुरता. अकरा वर्षांपासून तात्पुरता. त्याच्यामागून कचेरीत आलेलं मांजर कायम झालं होतं. त्याच्या दुधाची मंजुरी नागपूरहून आली होती. दिवाकरचा कागद मात्र साहेबांच्या टेबलाच्या खणात पडून होता, आणि त्यावर फक्त एक सही व्हायची होती.

साहेब म्हणजे मेजर पेंडलबरी. त्यांना जुन्या लढाया खेळायचा नाद होता. कचेरीतल्या मोठ्या खोलीत त्यांनी बारा फुटी टेबल मांडलं होतं. त्यावर हिरव्या रंगात बुडवलेल्या लाकडी भुशाचं गवत, कागदाच्या लगद्याची मदनमहालची टेकडी, मधोमध निळ्या रंगाची नर्मदा, आणि वार्निश मारलेले आठशे लाकडी शिपाई. चारशे लाल कोटवाले, चारशे मराठे. दर शनिवारी दुपारी दोन वाजता साहेब इंग्रज होत आणि १८१७ सालची जबलपूरची लढाई सुरू होई. मराठा व्हायला कुणी तयार नव्हतं. मग साहेबांनी हजेरीपट चाळला आणि त्यांना 'तोफखाने' हे आडनाव सापडलं.

दिवाकरचे पणजोबा भोसल्यांच्या तोफखान्यात होते हे खरं, पण ते बैलांच्या चाऱ्याकडे होते. हे दिवाकरने साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "उत्तम. म्हणजे हरण्याचा अनुभव घरातच आहे."

तेव्हापासून दिवाकर हरत होता. तीन वर्षांत एकशे त्रेचाळीस वेळा. सुरुवातीला तो हरून घरी आला की त्याला थोडं वाईट वाटे. नंतर तेही बंद झालं. कांचघर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत शिरताना बायको, भानुमती, भाकरी थापता थापता विचारी, "आज कुठून हरलात जी?"

"डावीकडून."

"मागच्या बारीला उजवीकडून होतं नं?"

"हो. थोडा बदल."

नुसतं हरून भागत असतं तरी चाललं असतं. पण लढाई म्हटली की तोफा आल्या, आणि तोफा म्हटल्या की धूर आला. कोणत्या तोफेनं बार काढला आणि गोळा कुठे पडला, हे टेबलावर दिसायला पाहिजे असा साहेबांचा आग्रह. तोफेच्या तोंडाशी पांढरा धूर, गोळा फुटला तिथे काळा. हे धूर कापसाचे करायचे होते, आणि ते दिवाकरने करायचे होते, कारण तो नक्कलनवीस होता आणि धूर ही शेवटी आगीची नक्कलच.

पहिले धूर त्याने स्वतः केले. साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "तोफखाने, हा फुलकोबी आहे."

दुसरे धूर पंख्याच्या वाऱ्याने उडून मागे आले आणि मराठ्यांनी आपल्याच धुराखाली सदतीस माणसं गमावली.

तेव्हा राधाबाई, म्हणजे दिवाकरची आई, जिला घरात सगळे 'बाई'च म्हणत, ती कोपऱ्यातून म्हणाली, "काहून रे जीव काढून राहिला? फुलवात दे नं तिथे ठेवून."

आणि खरंच, फुलवातीइतका चांगला धूर पृथ्वीवर नाही. खाली गोल, वर निमुळता, आपल्या पायावर उभा राहणारा. पांढऱ्या धुराला तर काहीच करावं लागेना. काळ्यासाठी भानुमती फुलवात बुडाकडून हलकेच पिंजून घेई, पातळ खळीत बुडवून सुपावर वाळत घाली, मग कोंबडीच्या पिसाने वरून काजळ फिरवी आणि बुडाशी शेंदराचं बोट टेकवी, म्हणजे आत जाळ आहे असं वाटे. मग डिंकाने जस्ताच्या चकतीवर बसवायचं, म्हणजे पंख्याचं भय नाही. गोळा नर्मदेत पडला तर पाणी उडायला पाहिजे, म्हणून त्या फुलवातीला नीळ. साहेब खूश झाले. त्यांनी दवाखान्याच्या भांडारातून चांगल्या पिंजलेल्या कापसाची एक अख्खी गाठ मंजूर करून दिली, आणि म्हणाले की आता सहा पौंडी तोफेचा धूर बारा पौंडीपेक्षा वेगळा दिसला पाहिजे.

दिवाकर थकला होता. झोपून जाणारा हा थकवा नव्हता. झोपेत तो आणखी एकदा हरायचा.

इकडे बाईने मुलगा कायम व्हावा म्हणून लाख फुलवातींचा नवस बोलला होता. दोन वर्षं ती वळत होती. एक लाख वाती कार्तिकी पौर्णिमेला ग्वारीघाटावर नर्मदामाईपुढे लावायच्या, आणि तिकडून ती माई इकडे सिविल लाइंसकडे एकदा बघेल अशी योजना होती. नवसाचा कापूस बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या पिंजाऱ्याकडून आणलेला, सोवळ्यात ठेवलेला. सरकारी गाठ दाराशी. त्या घरात तेव्हा दोनच कामं चालत: एका कोपऱ्यात मुलगा कायम होण्यासाठी वाती, दुसऱ्या कोपऱ्यात मुलगा हरण्यासाठी वाती. आणि दोन्हीकडे मांडी घालून बसलेली तीच दोन माणसं.

नोव्हेंबरात साहेबांनी जाहीर केलं की शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, एक जनरलसाहेब लढाई पाहायला येणार आहेत.

"ही शेवटची, तोफखाने," साहेब म्हणाले. त्यांनी खण उघडून कागद दाखवला आणि पुन्हा बंद केला. "प्रयोग झाला की मी सही करतो. तू फक्त नीट हर."

"येस सर."

"घाईनं नको. जनरलसाहेबांना चहा संपेपर्यंत तरी लढाई पाहिजे."

दिवाकरने घरी येऊन तारीख सांगितली. बाईने पंचांग काढलं. शनिवार, कार्तिकी पौर्णिमा. तिने पंचांग डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "बघ. माईनंच जुळवलं."

शुक्रवारी संध्याकाळी लाख वाती तुपात भिजवून चार डब्यांत भरून झाल्या, आणि तेव्हा भानुमतीला राहवेना.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात तुमचा हात दुखून राहिला होता नं, तेव्हा मी थोड्या वाती वळून तुमच्यात टाकल्या."

"चांगलं केलं की मंग."

"त्या सरकारी कापसाच्या होत्या."

बाईने हातातला डबा खाली ठेवला.

"किती?"

"साठ."

"अगं, सरकारच्या कापसाची वात मी माईपुढे लावू? पुण्य कोणाला जाईल मंग?"

"आपल्यालाच की. वळल्या तं मी."

"वळल्या तू. पण कापूस कोणाचा? ज्याचा कापूस त्याचं पुण्य. नवस माझा आणि फळ खाईल तो टोपीवाला? नाही बाप्पा. दिवाकर, ऐकून राहिला का रे?"

दिवाकर भिंतीला टेकून दुसऱ्या दिवशीच्या पराभवाचा नकाशा पाहत होता. तो म्हणाला, "हो."

"तूच सांग आता."

"बाई, मी थकलोय."

"हे काय उत्तर देऊन राहिला रे?"

शनिवारी सकाळी दिवाकर आंघोळीला गेला तेव्हा बाईने चारही डबे उघडले. लाखातून साठ शोधणं तिला जड गेलं नाही. दवाखान्याचा कापूस तूप जास्त पितो; सरकारी वाती बाकीच्यांपेक्षा फुगून दुप्पट झाल्या होत्या. "बघ, किती प्यायल्या," ती सुनेला म्हणाली. एकेक करून तिने साठही वेचल्या आणि त्याऐवजी फुहाऱ्याच्या कापसाच्या साठ नव्या वळून तुपात टाकल्या. जुन्या साठ तिला फेकवेनात. सरकारची वस्तू आहे. फेकली तर तेही पाप. म्हणून तिने त्या इमानदारीने दाराशी असलेल्या पांढऱ्या धुराच्या डब्यात, अगदी वर, नीट लावून ठेवल्या. सरकारचं सरकारला परत. मग हात धुतले.

दिवाकरने डबा उचलला तेव्हा तो नेहमीपेक्षा जड लागला. पण त्याला हल्ली सगळंच जड लागायचं.

दोन वाजता जनरलसाहेब आले. मोठा लाल माणूस, एका हातात जाड चिरूट, दुसऱ्या हातात ग्लास. चहा नको म्हणाले. पंचाच्या खुर्चीवर हेडक्लार्क श्यामसुंदर बाबू, हातात साहेबांनी स्वतः लिहिलेलं नियमांचं पुस्तक. दाराशी चपराशी. टेबलाच्या एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला दिवाकर.

"हो गई तैयारी, तोफखाने जी?" श्यामसुंदर बाबूंनी हळूच विचारलं. "आज ज़रा ढंग से हारना, भैया. मिठाई पक्की."

"रोजच ढंगाने हरतो, बाबूजी."

लढाई रेंगाळत साडेतीनपर्यंत आली. मग इंग्रजांच्या तोफखान्याची पाळी. नियम सहा: इंग्रजांचा पहिला बार झाल्याशिवाय मराठ्यांनी तोफ डागायची नाही. साहेबांनी डब्याचं झाकण काढलं. धूर ते कधी हाताने उचलत नसत. नाजूक असतो, म्हणून चिमट्याने. नोव्हेंबरच्या गारठ्यात तूप थिजून घट्ट बसलं होतं. चिमट्यात आलेला धूर पांढराशुभ्र, भरीव, किंचित चमकणारा होता. साहेबांनी तो उजेडाकडे धरला.

"तोफखाने," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा हलला, "आज धुराला वजन आलंय."

दिवाकरने मान डोलावली. तीन वर्षांत त्याला मिळालेली ही पहिली शाबासकी होती, आणि ती कशाबद्दल आहे हे त्याला कळलं नाही.

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी दर तोफेच्या तोंडाशी एकाऐवजी पाच पाच धूर लावले. बारा तोफा, साठ धूर. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंग्रजांची अख्खी फळी पांढऱ्या कळ्यांनी भरून गेली. दिवाकरला क्षणभर एक ओळखीचा वास आला. घरचा. त्याला वाटलं, थकल्यामुळे येत असेल.

"ही तोफ कोणती?" जनरलसाहेबांनी वाकून विचारलं, आणि चिरुटाचा निखारा खाली पडला.

पहिली फुलवात पेटली. भपका नाही, आवाज नाही. चांगल्या तुपातली वात जशी लागते तशी. निमुळती, शांत, सरळ. मग शेजारची लागली.

"वा!" जनरलसाहेब म्हणाले. त्यांना वाटलं, हा प्रयोगातलाच भाग आहे.

साहेबांना मात्र तो भाग आठवेना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. श्यामसुंदर बाबू उभे राहिले होते. त्यांनी नियमांचं पुस्तक बगलेत धरून हात जोडले होते. "जय नर्मदा मैया," ते पुटपुटले. दाराशी चपराशाने चपला बाजूला काढल्या होत्या. दिवाकरचा उजवा हात त्याला न विचारता कपाळाकडे गेला होता. कार्तिकी पौर्णिमेच्या दिवशी समोर तुपाची वात लागली, तर माणूस दुसरं करणार काय?

"विझव!" साहेब ओरडले. "तोफखाने, फुंक मार!"

दिवाकर वाकला. त्याने गाल फुगवले. समोर सात वाती तेवत होत्या, वातींच्या मागे टेबल, टेबलाला खण, खणात कागद, कागदावर एका सहीची जागा. अकरा वर्षं. फक्त एक फुंकर. त्याने गाल तसेच ठेवले. मग हळूहळू हवा नाकाने सोडून दिली.

"सर," तो म्हणाला, "तोंडानं नाही विझवत."

"काय?"

"दिवा तोंडानं फुंकत नाहीत, सर. फुलानं विझवतात. मी फूल आणतो."

आणि तो बागेकडे धावला. अकरा वर्षांत त्या कचेरीत तो पहिल्यांदाच धावला होता. मागून श्यामसुंदर बाबूंचा आवाज आला, "बिना परमिशन के मत तोड़ना! बोर्ड लगा है! मेमो आ जाएगा!" दिवाकर गुलाबाच्या वाफ्याशी थांबला. खरंच बोर्ड होता. त्याने गुलाब सोडले आणि कुंपणापलीकडे, जिथे सरकारची हद्द संपत होती, तिथला एक झेंडू तोडला.

एवढ्या वेळात आत साहेबांनी स्वतः फुंकर मारली होती. लढाईचा निकाल त्या फुंकरीने लागला. ज्योत पुढच्या फळीवरून मागच्या फळीवर गेली आणि वितळलेलं तूप हिरव्या भुशात उतरलं. मग जनरलसाहेबांनी प्रसंगावधान राखून हातातला ग्लास ओतला. त्यात पाणी नव्हतं.

दिवाकर झेंडू घेऊन आत आला तेव्हा लाल कोटवाले वार्निशसह गेले होते. तोफा गेल्या होत्या. चपराशाने शेवटी पाण्याची घागर आणून ओतली, पण हात लावण्याआधी त्याने इंग्रजी सैन्याला नमस्कार केला. नदीच्या अलीकडे चारशे मराठे जसेच्या तसे उभे होते. नियम सहामुळे त्यांना बार काढायची पाळीच आली नव्हती, म्हणून त्यांच्यापुढे एकही वात नव्हती. एक शिपाई आडवा होता, पण त्याचा पाय आधीपासूनच मोडका होता.

खोलीत तुपाचा घमघमाट सुटला होता. सत्यनारायण झाल्यासारखा.

"नियमांनुसार," जनरलसाहेब म्हणाले, "आता काय समजायचं?"

श्यामसुंदर बाबूंनी पुस्तक उघडलं. ते पंच होते, आणि नोकरीला लागल्यापासून त्यांनी लिहिलेलं वाचायचं कधी टाळलं नव्हतं. "नियम अकरा," त्यांनी वाचलं. "जळालेली, फुटलेली अथवा धुराखाली आलेली प्रत्येक वस्तू मृत समजावी." त्यांनी चष्म्यावरून टेबल मोजलं. "इंग्रज शून्य. मराठे चारशे. समय चार बजके दस मिनिट."

सगळ्यांनी दिवाकरकडे पाहिलं. त्याच्या हातात झेंडू होता.

"सॉरी सर," तो म्हणाला.

जनरलसाहेब सभ्य माणूस होते. त्यांनी भुवईवरची राख पुसली, टोपी घातली आणि म्हणाले, "पेंडलबरी, मी आज इथे आलो नाही." आणि जिथे आलेच नव्हते तिथून निघून गेले.

साहेब खुर्चीत बसले. सोमवारी टेबलावर कागद होता: प्रयोग काही कारणास्तव तहकूब, टेबलावरील डाग जुना. दिवाकरने त्याच्या तीन नकला काढल्या, अक्षर नेहमीसारखं सुबक. मग त्याने खणाकडे पाहिलं.

"तू म्हणतोस ते मला समजतं," साहेब म्हणाले, जरी तो काही म्हणाला नव्हता. "पण मी म्हटलं होतं, प्रयोग झाला की. प्रयोग कुठे झाला?"

यात खोट काढायला जागा नव्हती. नवे लाल कोटवाले सुताराकडे टाकलेच होते. येत्या शनिवारपासून पुन्हा.

पण हे सोमवारचं. शनिवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बाई ग्वारीघाटावरून नुकतीच परतली होती. डोळे लाल, पदराला धुराचा वास. एक लाख वाती एकाच वेळी लागल्या होत्या आणि घाटावरच्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली होती. ती खूप आनंदात होती.

"झाली सही?"

"नाही."

"हरला नाहीस काय नीट?"

"जिंकलो."

भानुमतीच्या हातातलं लाटणं थांबलं. दिवाकरने जे झालं नव्हतं ते सगळं सांगितलं. बाईने पूर्ण ऐकलं, आणि मग तिने फक्त एकच विचारलं.

"त्या साठ वाती लागल्या?"

"लागल्या."

"साठही?"

"साठही, बाई."

"पौर्णिमेला. तुपात. आणि कोणी फुंकलं नाही?"

"आपल्यातल्या कोणी नाही."

बाईने कपाळावर हात मारला. "गेलं! कापूस सरकारचा, टेबल सरकारचं, आगही त्या टोपीवाल्याच्या चिरुटाची. अरे, नवस कायम होण्याचा होता नं! आता सरकारच कायम होऊन बसलं की."

"साठ वातींनी किती होणार, बाई?" भानुमती म्हणाली. "लाखाचा नवस पुऱ्या कायमचा. साठात काय, थोडंबहुत."

बाईने बोटांवर हिशेब केला. तो कसा केला ते तिलाच ठाऊक.

"दहा-अकरा वर्षं तं हलत नाही बघ," ती म्हणाली, आणि उठून नव्या कापसाची गाठ सोडायला लागली.

दिवाकरने झेंडू देवापुढे ठेवला. जेवण झालं. मग त्याने एक चांगला कागद घेतला, रेघा आखल्या, आणि रविवारी दुपारभर, आजवर दुसऱ्यांचे कागद उतरवले तसाच सुबक, एक अर्ज लिहिला. सोमवारी तो आवक टपालात टाकला. श्यामसुंदर बाबूंनी तो वाचला, दिवाकरकडे पाहिलं, "अच्छा, चलो," म्हणाले आणि त्यावर क्रमांक घातला. अर्ज असा होता:

*मेहेरबान साहेब, नकाशे व नमुने कचेरी, जबलपूर, यांचे सेवेशी.*

*अर्जदार दिवाकर तोफखाने, तात्पुरता नक्कलनवीस, सविनय सादर करतो की, अर्जदार सन १८१७ चे लढाईत मराठ्यांचे बाजूने गेली तीन वर्षे हजर असून, या मुदतीत तो एकशे त्रेचाळीस वेळा पराभूत झाला व सुमारे तेवढेच वेळा मारला गेला, परंतु मयत झाल्याबद्दल त्यास एकदाही रजा मिळालेली नाही. दिनांक २८ रोजी जे घडले नाही त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. तथापि, त्याच दिवशी अर्जदाराचे मातोश्रींचे साठ वातींचे पुण्य सरकारी कामी चुकीने खर्ची पडले आहे, ते योग्य त्या खात्यामार्फत मातोश्रींस परत व्हावे. तसेच अर्जदार आता फार थकला असल्याने, त्यास सन १८१७ चे लढाईतून, विजय अथवा पराजय यांपैकी हुजुरास सोयीचे असेल ते नोंदवून, कायमचे कार्यमुक्त करण्यात यावे, ही विनंती.*